बेटावर कधी जायचं? आधी वारा बघा, पाऊस नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी, सात-आठ दिवसांची सुट्टी, कुठलंतरी छान ट्रॉपिकल बेट, पाण्यात उतरून मासे आणि कोरल बघायचेत, मुलीला बोट लागते, आणि सुट्टी एप्रिलअखेर, ऑगस्ट किंवा डिसेंबरचा शेवटचा आठवडा यापैकी एकदाच मिळणारे. बेट अजून ठरलेलं नाही. नेटवर शोधलं तर एक साइट म्हणते नोव्हेंबर ते एप्रिल बेस्ट, दुसरी म्हणते मे ते ऑक्टोबर, तिसरी म्हणते बारा महिने कधीही या. मग खरं काय?

तिघी खरंच बोलतायत, फक्त वेगवेगळ्या बेटांबद्दल. कधीकधी तर एकाच बेटाच्या दोन वेगळ्या किनाऱ्यांबद्दल.

मी १७ वर्षं डायव्हिंग शिकवतेय आणि त्यातली बरीच वर्षं लोकांना अशा ट्रिप आखून देतेय. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा बघितलेली चूक म्हणजे लोक पाऊस बघून महिना ठरवतात आणि सुट्टी बिघडते ती वाऱ्यामुळे. पाऊस आला तर तास-दीड तास थांबता, पुन्हा ऊन पडतं. वारा लागला तर तो दिवसच्या दिवस, कधी आठवडाभर लागून राहतो, समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं, छोट्या बोटी बंद, आणि वर आकाश एकदम निळंशार, त्यामुळे फोटोत काहीच कळत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. अगदी सुरुवातीच्या काळात ऑगस्टमध्ये मॉरिशसला गेले होते, कारण सगळ्या तक्त्यांमध्ये तो कोरडा महिना दिसत होता, आणि राहायला घेतला पूर्व किनारा कारण तिथली वाळू सगळ्यात सुंदर. पाऊस खरंच जवळपास नव्हता. पण मे ते ऑक्टोबर तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे (जवळपास एकाच दिशेने सतत वाहणारे वारे) वाहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा जोर असतो, पूर्व किनारा त्यांच्या बरोबर तोंडावर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाळू अंगावर उडतेय, पाणी २३ अंशांच्या आसपास, बाहेर आलं की वाऱ्याने हुडहुडी. चौथ्या दिवशी वैतागून गाडी काढली आणि तासाभरात पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकला पोचले तर तिथे समुद्र तळ्यासारखा आणि लहान मुलं पाण्यात खेळतायत. तोच दिवस, तेच बेट. त्या दिवसापासून मी आधी वारा बघते.

आता ट्रॉपिकल म्हणजे काय ते आधी डोक्यात बसवू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेतेवीस अंशांपर्यंतचा पट्टा. इथे बहुतेक ठिकाणी समुद्राचं पाणी वर्षभर २६ ते ३० अंशांच्या मध्ये असतं, त्यामुळे "थंडीत जावं की उन्हाळ्यात" हा प्रश्न इथे फारसा लागूच होत नाही. अपवाद आहेत, गॅलापागोस विषुववृत्तावर असूनही तिथे थंड प्रवाह येतात आणि जून ते नोव्हेंबर पाण्यात वेटसूटशिवाय उतरवत नाही, पण ते सोडा. बाकी ठिकाणी बदलतो तो वारा, आणि वाऱ्यामागून पाऊस, लाटा, पाण्याची स्पष्टता हे सगळं बदलतं.

वाऱ्याच्या हिशोबाने मी बेटांचे ढोबळ दोन गट करते.

पहिला गट मोसमी वाऱ्यांचा. हिंदी महासागराचा उत्तर भाग आणि आग्नेय आशिया. इथे सहा महिने वारा नैऋत्येकडून आणि सहा महिने ईशान्येकडून येतो, म्हणजे दिशा अक्षरशः उलटते. म्हणून इथे "या देशाचा सीझन" असं काही नसतं, "या किनाऱ्याचा सीझन" असतो. श्रीलंका बघा. दक्षिण-पश्चिम किनारा, म्हणजे गॉल, मिरिस्सा, बेंटोटा, हा डिसेंबर ते मार्च शांत. मेपासून तिथे लाटा उसळायला लागतात आणि त्याच वेळी पूर्वेचा त्रिंकोमाली, पासिकुडा हा किनारा उघडतो आणि सप्टेंबरपर्यंत छान असतो. मध्ये फक्त डोंगर आहेत. थायलंडचं तेच, फुकेत-क्राबीची बाजू नोव्हेंबर ते एप्रिल, आणि तिकडे सिमिलान बेटांचं नॅशनल पार्क तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दरवर्षी बंदच ठेवतात. पण पलीकडच्या आखातातली सामुई, फांगान, ताओ ही बेटं जुलै-ऑगस्टमध्ये मस्त चालू असतात आणि त्यांचा सगळ्यात वाईट पाऊस नोव्हेंबरमध्ये पडतो, नेमका जेव्हा फुकेतचा सीझन सुरू होतो. मलेशियात लंकावी पश्चिमेला आणि पेरहेंतियान, रेडांग, तिओमान पूर्वेला, त्यातली पूर्वेची बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी बऱ्यापैकी बंद असतात, बोटी कमी, रिसॉर्टना कुलूप.

याचं सगळ्यात छोटं आणि सुंदर उदाहरण म्हणजे फिलिपिन्समधलं बोराकाय. तिथे ईशान्येच्या वाऱ्याला अमिहान आणि नैऋत्येच्या वाऱ्याला हाबागात म्हणतात. अमिहानमध्ये पश्चिमेचा व्हाइट बीच आरशासारखा आणि पूर्वेच्या बुलाबोगवर काइटसर्फिंगवाल्यांची (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकणाऱ्यांची) गर्दी. हाबागात सुरू झाला की सगळं उलटं. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, इतकंच ते बेट रुंद आहे. तेव्हा मोसमी गटात बेट निवडताना एकच प्रश्न विचारायचा, आपण जाऊ त्या महिन्यात वारा कुठून येतो आणि माझा बीच त्याच्या आडोशाला आहे का.

दुसरा गट व्यापारी वाऱ्यांचा. हवाई, कॅरिबियन, मॉरिशस, त्याच्या शेजारचं रेयुनियाँ, पॅसिफिकमधली बरीच बेटं. इथे वारा दिशा फारशी बदलत नाही, फक्त कमी-जास्त होतो, त्यामुळे इथे महिन्यापेक्षा बाजू महत्त्वाची. वाऱ्याकडची बाजू हिरवी, ओली, लाटांची आणि आडोशाची बाजू कोरडी, शांत. उंच डोंगर असला तर हा फरक विश्वास बसणार नाही इतका असतो. हवाईच्या काउआई बेटावर वाइआलिआले नावाचा डोंगर आहे, तिथे वर्षाला ९ ते ११ हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जगातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक, आणि तिथून सरळ रेषेत साधारण २५ किलोमीटरवरच्या केकाहा गावात ५०० मिलिमीटरच्या आसपास. पर्जन्यछाया शाळेत शिकतो ना, तीच. रेयुनियाँच्या डोंगरात जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात २४ तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस पडला होता, तो जागतिक विक्रम आहे, आणि त्याच बेटाचा पश्चिम किनारा एरवी इतका कोरडा की बीचचे सगळे लोक तिकडेच असतात. मग "रेयुनियाँला पाऊस किती" या प्रश्नाला अर्थ काय राहिला?

म्हणूनच नेटवरचे ते महिनावार तक्ते जपून वाचा. त्यातला आकडा बहुतेक वेळा विमानतळाचा किंवा राजधानीचा असतो, तुमच्या बीचचा नाही. आणि महिन्याला ३०० मिलिमीटर हा आकडा बघून घाबरू नका, ट्रॉपिकमध्ये एवढा पाऊस दहा-बारा जोरदार सरींत उरकू शकतो, त्यातल्या निम्म्या रात्री. उलट एखाद्या ठिकाणी १२० मिलिमीटर असेल पण रोज थोडाथोडा पिचपिच्या पाऊस आणि दिवसभर ढग, तर ती सुट्टी जास्त कंटाळवाणी जाते. त्यामुळे मिलिमीटर सोडून पावसाचे दिवस आणि रोजचे उन्हाचे तास हे दोन कॉलम बघा. सात-आठ तास ऊन असेल तर पावसाचं टेन्शन घेऊ नका.

वाऱ्यासाठी विंडफाइंडरसारख्या साइटवर जागेप्रमाणे महिन्याची वाऱ्याची सरासरी आणि दिशा मिळते, काइटसर्फिंगवाले तेच वापरतात, फक्त ते वारा शोधतात आणि आपण शांतता शोधतोय. साधारण १० नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) असेल तर लहान मुलांसकट पाण्यात मजा येते. ११ ते १६ मध्ये लाटांवर पांढरा फेस दिसायला लागतो, स्नॉर्केलमध्ये (तोंडात धरायच्या श्वासाच्या नळीत) पाणी जातं, नवख्या माणसाला भीती वाटते. १७-२० च्या पुढे सरासरी असेल आणि बीच वाऱ्याच्या तोंडावर असेल तर मी तिकडे कुटुंबाला पाठवतच नाही. आणखी एक सोपी युक्ती सांगते, जो बीच आवडलाय त्याचं नाव आणि "काइटसर्फिंग" असं शोधा, तिथे काइटचं शिबिर ज्या महिन्यांत भरतं ते महिने तुमच्यासाठी बाद.

वाऱ्याशिवाय लांबून येणाऱ्या लाटाही असतात, ज्यांना सर्फवाले स्वेल म्हणतात. हजारो किलोमीटर दूर कुठेतरी वादळ झालेलं असतं, तुमच्याकडे वारा शून्य, ऊन लख्ख, आणि किनाऱ्यावर डोक्याएवढी लाट. हवाईच्या ओआहू बेटाचा उत्तर किनारा हिवाळ्यात जगभरातल्या सर्फरचा, आणि तोच उन्हाळ्यात इतका सपाट की तिथे स्नॉर्केलिंग करतात. बालीच्या दक्षिणेलाही एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन कोरड्या सीझनमध्ये, दक्षिणेकडच्या महासागरातून मोठ्या लाटा येतात. लोक म्हणतात सीझन होता तरी पोहता आलं नाही, तर सीझन होता पण सर्फिंगचा होता.

आता चक्रीवादळं, इथे मात्र मी अजिबात सूट देत नाही. अटलांटिक-कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर, शिखर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. दक्षिण गोलार्धात, म्हणजे मॉरिशस, मादागास्कर, फिजी, वानुआतू, नोव्हेंबर ते एप्रिल आणि जोर जानेवारी ते मार्च. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रात दोन खिडक्या, एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. फिलिपिन्सला जवळपास वर्षभर, जुलै ते ऑक्टोबर जास्त, पण डिसेंबर सुरक्षित समजू नका, २०२१ मध्ये १६ डिसेंबरला राई नावाच्या वादळाने सिआरगाव बेट उद्ध्वस्त केलं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये अर्मा वादळानंतर कॅरिबियनमधलं बार्बुडा हे अख्खं बेट रिकामं करावं लागलं. पर्यटक विमानात बसून निघून जातो, तिथली माणसं वर्षानुवर्षं घरं बांधत बसतात, हे मी जवळून बघितलंय आणि म्हणून "ऑफ सीझनला स्वस्त पडतं" हे वाक्य मी वादळाच्या शिखराच्या महिन्यांसाठी वापरत नाही.

दिलासा असा की विषुववृत्ताच्या अगदी जवळ, साधारण पाच अंशांच्या आत, चक्रीवादळं जवळजवळ होत नाहीत, कारण पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला जो पीळ बसतो तो तिथे फार कमी पडतो. जवळजवळ म्हणतेय कारण डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ दीड अंशाच्याही आत व्हामेई नावाचं वादळ झालं होतं, पण ती फार दुर्मिळ गोष्ट. सेशेल्सची मुख्य बेटं आणि मालदीवचा मोठा भाग याच शांत पट्ट्यात येतो. कॅरिबियनमध्ये अरुबा, बोनेर, कुरासाव ही व्हेनेझुएलाच्या कुशीतली बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. ट्रॅव्हल इन्शुरन्स मात्र तिकीट काढतानाच घ्या, वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ सहसा धरत नाहीत.

पाण्याखालचं गणित पुन्हा वेगळं, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. "चांगला सीझन" आणि "मोठे प्राणी दिसण्याचा सीझन" हे बऱ्याचदा एकमेकांच्या विरुद्ध असतात. मालदीवमध्ये जानेवारी ते मार्च पाणी काचेसारखं. पण तिथल्या बा अटोल या कंकणाकृती प्रवाळबेटांच्या समूहातल्या हानिफारू बेमध्ये मांटा रे (पंखांसारखे पर असलेले मोठे चपटे मासे) गोळा होतात ते जून ते नोव्हेंबर, म्हणजे पावसाळी सीझनमध्ये, कारण नैऋत्य मोसमात प्रवाह प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) ढकलत त्या छोट्याशा खाडीत आणून भरतात आणि मांटा तेच खायला येतात. पाणी थोडं धुरकट असतं पण ते धुरकट म्हणजेच त्यांचं जेवण. तिथे स्कूबाला परवानगी नाही, फक्त स्नॉर्केलिंग, त्यामुळे पोहता येणाऱ्या कुणालाही जाता येतं. तसंच बालीशेजारच्या नुसा पेनिडाला मोला मोला हा राक्षसी मासा जुलै ते ऑक्टोबर वर येतो कारण तेव्हा खोलातलं थंड पाणी वर येतं, २० अंशांच्याही खाली कधीकधी. म्हणजे आधी ठरवा, काचेसारखं पाणी हवंय की मोठा प्राणी, दोन्ही एकाच आठवड्यात मिळेलच असं धरून चालू नका.

एप्रिल-मेबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते. हिंदी महासागराच्या उत्तर भागात त्या दोन महिन्यांत पाणी वर्षातलं सगळ्यात गरम होतं, आणि एल निनोच्या (म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या काळाच्या) आसपासच्या वर्षी ते इतकं तापतं की कोरल आतलं शेवाळ बाहेर टाकून पांढरं पडतं. १९९८, २०१६ आणि २०२४ ला हे मोठ्या प्रमाणावर झालं. अशा वर्षी तिकडे जायचं असेल तर आधी बातम्या बघा, आणि गेलात तर कोरलला हात-पाय अजिबात लावू नका, ते आधीच तापाने फणफणलेलं असतं, पाणी वेळेत निवलं तर सावरतंही. एल निनोमुळे इतर तक्तेही सरकतात, इंडोनेशियात त्या वर्षी पाऊस उशिरा आणि कमी येतो.

भरती-ओहोटी विसरू नका. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत चार मीटरपर्यंत फरक पडतो, ओहोटीला समुद्र इतका आत जातो की पोहायला पाणीच सापडत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, हे आपल्याला माहीत असतं पण ट्रिप ठरवताना कॅलेंडर कुणी काढत नाही. भांगाच्या दिवसांत प्रवाह कमी, पाणी स्वच्छ, नवख्यांना स्नॉर्केलिंग सोपं. कॅरिबियनला जाणाऱ्यांसाठी अजून एक, २०११ पासून तिथे सार्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगाने वाहून येतं, साधारण एप्रिल ते ऑगस्ट, आणि तेही मुख्यतः पूर्वेच्या, वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर. पुन्हा बाजूचाच खेळ.

आता तुमचे तीन पर्याय.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा: फुकेत-क्राबीची बाजू, अंदमान, मालदीव सगळं उघडं असतं, ईशान्येचा वारा असल्यामुळे फुकेतचा पश्चिम किनारा शांत मिळतो, पण वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात महाग आठवडा हाच. हीच सुट्टी पंधरा दिवस पुढे ढकलता आली असती तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. सामुई आणि पेरहेंतियान या आठवड्यात नकोच.

एप्रिलअखेर: दोन मोसमांच्या मधला काळ, वारा पडलेला असतो. सेशेल्ससाठी हा फार सुंदर काळ आहे, समुद्र सपाट, पाणी स्वच्छ, आणि वादळाच्या पट्ट्याबाहेर. सर येते आणि जाते. पण बेटावरून बेटावर बोटीने फिरणं आलं आणि उकाडाही बऱ्यापैकी.

ऑगस्ट: ऐकायला पावसाळी वाटतं म्हणून लोक सोडून देतात, आणि तुमच्यासाठी मी हाच घेईन. पेरहेंतियान. नैऋत्येचा वारा मलेशियाच्या भूभागाने अडवलेला असतो, पूर्वेचा समुद्र शांत, आणि मुख्य म्हणजे बऱ्याच ठिकाणी कोरल बीचवरूनच सुरू होतं, मुलीला कंबरभर पाण्यात मासे दिसतील, रोज बोटीत बसायची गरज नाही. कुआला बेसुतच्या जेट्टीवरून स्पीडबोटने अर्धा-पाऊण तास, तेवढाच बोटीचा प्रवास. सकाळची पहिली किंवा दुसरी बोट घ्या, दुपारनंतर वारा थोडा उठतो आणि कधीकधी गडगडाटी सर येते. मुलीला बोटीच्या मागच्या बाजूला बसवा, पुढे आपटतं फार, आणि बोट लागण्याचं औषध द्यायचं तर डॉक्टरला विचारून निघायच्या आधी तासभर द्या, बोटीत बसल्यावर देऊन उपयोग नाही. तारखा अष्टमीच्या आगेमागे बसवता आल्या तर बघा. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका, मुख्य भूमीवर या. लख्ख उन्हात, फक्त लाटांमुळे बोट रद्द होऊन विमान चुकलेली कुटुंबं मी जेट्टीवर बसलेली बघितलीयत. फुल फेस मास्क मुलीला नको, साधा मास्क आणि स्नॉर्केल घ्या, तिच्या चेहऱ्याला बसतो का ते घरीच बादलीत तोंड घालून दोन-तीनदा करून बघा, म्हणजे पहिल्या दिवशी पाण्यात रडारड होणार नाही.